सज्ज्यावरील वाद्यमेळ आणि नाताळचा अर्थ : टॉमस हार्डीच्या मेलस्टॉकसंबंधी काही विचार

हार्डीचा अभ्यास करू लागणारा विद्यार्थी बहुधा ‘टेस’ किंवा ‘ज्यूड’ यांच्याकडे वळतो. ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ ही १८७२ साली लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झालेली छोटी कादंबरी तो एक प्रसन्न ग्रामचित्र म्हणून वाचतो आणि बाजूला ठेवतो. असे करण्यास लेखकाचीच थोडीशी फूस आहे. ‘डच चित्रसंप्रदायातील एक ग्रामीण चित्र’ असे तिचे उपशीर्षक त्याने दिले आहे. शेकोटी, मद्याचे पिंप, जाडजूड चेहऱ्यांची साधी माणसे आणि शेवटी एक लग्न, एवढे पाहिले की वाचकाचे समाधान होते. परंतु याच पुस्तकाला दुसरेही एक नाव आहे : ‘मेलस्टॉकचा वाद्यमेळ’. हे नाव ध्यानात ठेवून पुस्तक वाचले, तर त्यातील प्रेमकथा मागे सरते आणि एक निराळाच प्रश्न पुढे येतो. गावाच्या देवळातील सण कोणाचा असतो? तो करणाऱ्यांचा, की त्यांच्यासाठी तो करविणाऱ्यांचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुरोधाने हार्डीच्या नाताळविषयक लेखनाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये ‘पॅरिश’ म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील गाव किंवा गावांचा समूह. आपल्याकडील ख्रिस्ती समाजात त्यास ‘धर्मग्राम’ असा अन्वर्थक शब्द रूढ आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला प्युरिटन पक्षाच्या हाती सत्ता आली, तेव्हा १६४४ मध्ये चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा आणि १६४७ मध्ये नाताळसह सर्व सण रद्द करण्याचा हुकूम पार्लमेंटने काढला. १६६० मध्ये राजसत्ता परत आली व सणही परत आला. पण खेड्यांतील बहुसंख्य चर्चना ऑर्गन परत मिळाला नाही. ही उणीव पुढे अठराव्या शतकात गावकऱ्यांनीच भरून काढली. चर्चच्या पश्चिम टोकास लाकडी सज्जा उभारून त्यावर गावातील गवंडी, सुतार, जोडे शिवणारे असे लोक फिडल, बास व्हायोल, क्लॅरिनेट इत्यादी वाद्ये घेऊन बसू लागले व स्तोत्रांना साथ करू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणापासून धर्मसुधारणेची नवी लाट आली. उपासना अधिक शिस्तशीर व अधिक गंभीर व्हावी असे पाद्री मंडळींस वाटू लागले आणि हे सज्जे एकेक करून पाडले गेले.

हार्डीच्या घराण्याचा या व्यवस्थेशी निकटचा संबंध होता. डॉर्सेट परगण्यातील स्टिन्सफर्ड येथील चर्चमध्ये त्याचे आजोबा, वडील व चुलते यांनी मिळून सुमारे चाळीस वर्षे वादन केले. स्टिन्सफर्ड हेच कादंबरीतील मेलस्टॉक होय. हा मेळ १८४० नंतर एकदोन वर्षांतच मोडला. हार्डीचा जन्म २ जून १८४० चा. म्हणजे जो वाद्यमेळ त्याने आयुष्यभर शब्दांत उभा केला, तो त्याने जाणत्या वयात कधी ऐकलाच नव्हता. त्याला वारशाने मिळाल्या त्या आठवणी, वडिलांचे फिडल आणि हातांनी उतरवून घेतलेल्या गीतांच्या वह्या. या गोष्टीचे महत्त्व आपण पुढे पाहू.

कादंबरीचा पहिला भाग हिवाळ्याचा आहे आणि तो जवळजवळ सर्वच नाताळच्या दोन दिवसांत घडतो. नाताळच्या आदल्या रात्री काळोखातून एकेक माणूस रूबेन ड्यूई या गाडीवानाच्या घरी जमतो. रूबेनचे वडील म्हातारे विल्यम हे मेळाचे आधारस्तंभ. रूबेनचा मुलगा डिक हा तिसऱ्या पिढीचा वादक. जोडे शिवणारा पेनी आहे, माइकेल मेल आहे, आणि डोक्याने अधू पण वरच्या पट्टीतील गळ्याचा टॉमस लीफही आहे. लीफची गोष्ट लहान असली तरी बोलकी आहे. तो मूर्ख आहे हे सर्वांना ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. परंतु त्याचा स्वर मेळाला हवा असतो, म्हणून त्याचे स्थान अबाधित आहे. गुणांची पारख करून माणसे निवडणारी ही संस्था नव्हे. गावात जे आहे ते घेऊन सण उभा करणारी ती संस्था आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास मेळ फेरीस निघतो. या फेरीतील तीन घरे हार्डीने फार विचारपूर्वक योजिली आहेत असे आम्हांस वाटते. पहिले घर शाळेचे. तेथे नवी शिक्षिका फॅन्सी डे राहते. पिढ्यानपिढ्या तोंडोतोंडी चालत आलेले, आदमच्या पतनाची आठवण देणारे एक जुने गीत तिच्या खिडकीखाली गाइले जाते. बराच वेळ उत्तर येत नाही. मग पडदा वर जातो, हातात मेणबत्ती धरलेली एक तरुणी चौकटीत दिसते व आभार मानून नाहीशी होते. दुसरे घर शायनर या शेतकऱ्याचे, जो चर्चचा वॉर्डनही आहे. झोपमोड झाली म्हणून तो ओरडतो. मंडळी अधिकच जोराने वाजवून त्याला गप्प करतात. तिसरे घर पाद्री मेबोल्ड यांचे. त्यांनी खिडकीशी यावे अशी सर्वांची अपेक्षा असते. ते अंथरुणातूनच ‘गावकरी मंडळींनो, आभारी आहे’ अशा अर्थाचे काही तरी म्हणतात. त्यांचे शब्दही नीट ऐकू येत नाहीत.

ही तीनही घरे पुढे मेळाच्या अस्तास कारण होतात. शायनरला फॅन्सीविषयी ओढ आहे व तिने ऑर्गन वाजवावा असा त्याचा आग्रह आहे. मेबोल्ड यांनाही ती आवडू लागली आहे. पण कथानकाच्या या सोयीपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या रात्री गीत ज्यांच्यासाठी गाइले गेले, ते तिघेही श्रोते आहेत. एकीने ते कौतुकाने ऐकले, एकाने त्रासाने, एकाने शिष्टाचाराने. पण ऐकले ते सर्वांनी बाहेरून. मेळातील माणसांना मात्र नाताळ ही ऐकण्याची वस्तू नाही. थंडीत बोटे गारठवून, दिव्यांची सोय करून, वह्या सांभाळून पार पाडावयाचे ते काम आहे. भक्तीविषयी ती माणसे बोलत नाहीत. तारांविषयी बोलतात, क्लॅरिनेट हे वाद्य परमेश्वराच्या सेवेसाठी जन्मलेच नाही, असा वाद घालतात. हार्डीचा विनोद येथे मोकळा सुटला आहे. पण हा विनोद त्यांच्या अश्रद्धेची थट्टा करीत नाही. त्यांची श्रद्धा कोठे राहते ते दाखवितो. ती वाद्याच्या निवडीत राहते.

दुसऱ्या रात्री रूबेनच्या घरी मेजवानी होते. तरुणांचे पाय नाचासाठी शिवशिवत असतात, पण म्हातारे विल्यम अट घालतात की नाताळचा दिवस संपेपर्यंत नाच होणार नाही. घड्याळात बाराचे ठोके पडतात आणि त्याच क्षणी तीच फिडले नाचाची गत वाजवू लागतात. पवित्र आणि लौकिक यांच्यामध्ये सीमा आहे, ती मानली जाते. पण ती एका ठोक्याइतकी बारीक आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंस तेच हात आहेत. १८९६ च्या प्रस्तावनेत हार्डीने या वादकांच्या वह्यांची एक विलक्षण हकीकत दिली आहे. वहीच्या एका टोकाकडून स्तोत्रे उतरवीत जात आणि दुसऱ्या टोकाकडून नाचाच्या गती. शेवटी मध्यावर दोन्ही एकमेकांस भिडत. हार्डीच्या धर्मग्रामाचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे. सुधारक पाद्र्यांना नेमकी ही वही नको होती.

नाताळच्या सकाळचे प्रकरण या दृष्टीने निर्णायक आहे. सज्ज्यावरील मंडळींना खाली बसलेल्यांच्या सर्व लकबी ठाऊक असतात. खालच्यांना मात्र वरच्यांविषयी त्यांच्या स्वरांपलीकडे काही ठाऊक नसते. अशा वेळी एक अघटित घडते. आजवर सज्ज्याच्या मागोमाग बिचकत गाणाऱ्या शाळेतील मुली फॅन्सीच्या नेतृत्वाखाली सज्ज्याइतक्याच मोठ्या आवाजात गाऊ लागतात. वरची मंडळी संतापतात. आपण चर्चची जी सेवा पिढ्यानपिढ्या केली, तिच्यात या पोरींनी हात घालावा, हे त्यांस सहन होत नाही.

या ठिकाणी वाचकाने थोडे थांबले पाहिजे. हार्डीविषयी ममत्व असलेला टीकाकार येथे सहजच सज्ज्याची बाजू घेतो. पण मुलींचा आवाज हाही धर्मग्रामाचाच आवाज नव्हे काय? सज्ज्यावर एकही स्त्री नाही. ज्यास मेळ ‘गावाचे संगीत’ म्हणतो, ते गावातील काही घराण्यांतील पुरुषांचे संगीत आहे. मुली मोठ्याने गाऊ लागल्या याचा अर्थ उपासनेत भाग घेणाऱ्यांची संख्या वाढली, असाही होतो. हार्डीने हे लपविलेले नाही. म्हणूनच या कादंबरीस केवळ ‘गेलेल्या दिवसांचे गाणे’ म्हणणे अपुरे आहे. खरा तोटा कोठे झाला हे शोधावयाचे असेल तर मुलींच्या आवाजाकडे बोट दाखवून चालणार नाही. मुली आणि मेळ एकत्र गाऊ शकले असते. ऑर्गन आल्यावर ती शक्यताच उरली नाही.

वसंत ऋतूच्या भागात मेळाचे शिष्टमंडळ मेबोल्ड यांच्याकडे जाते. मेळ बरखास्त होणार हे ठरलेलेच आहे आणि रूबेन त्याला विरोध करीत नाही. तो फक्त तारखेविषयी बोलतो. ईस्टरनंतरच्या एखाद्या बेवारशी रविवारी आमचा गळा गुपचूप दाबू नका. आम्हांला नाताळपर्यंत राहू द्या, म्हणजे पडू तेही थाटाने पडू, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पाद्री सज्जन आहेत. तडजोड होते आणि सप्टेंबरअखेरीचा मायकेलमासचा सण मुक्रर होतो.

वरवर पाहता ही किरकोळ घासाघीस आहे, आणि ती हास्यरसाने भरलेली आहे. परंतु आमच्या मते संपूर्ण कादंबरीचा मर्मबिंदू येथे आहे. आपल्याकडील गावकीत ‘मान’ हा जो शब्द आहे, तो मेळाच्या मागणीस तंतोतंत लागू पडतो. पालखीला खांदा देण्याचा मान एखाद्या घराकडून काढून घेतला, तर त्या घराचे पैशाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते वर्षाच्या चक्रातील त्याच्या जागेचे. आपल्याकडील मानास पुष्कळदा वतनाचा व जातीचा आधार असे. मेलस्टॉकच्या मेळापाशी कसलाही कागद नव्हता, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. त्यांचा मान केवळ वहिवाटीचा होता, म्हणूनच तो एका भेटीत संपला. पण त्यांना नाताळच का हवा होता, हे या शब्दावरून कळते. जो सण आपण हातांनी उभा केला, त्या सणात आपला शेवट व्हावा. म्हणजे शेवटालाही अर्थ येतो. पाद्र्यांनी त्यांना मुदत वाढवून दिली आणि अर्थ मात्र नाकारला. आपण काय नाकारीत आहोत हे त्यांना कळलेही नाही.

मेबोल्ड दुष्ट नाहीत हे विशेष. त्यांच्यापूर्वीच्या पाद्र्यांची मेळ मोठ्या प्रेमाने आठवण काढतो; कारण ते कोणाच्या घरी कधी फिरकत नसत व कोणास त्रास देत नसत. मेबोल्ड तरुण आहेत, कर्तव्यदक्ष आहेत, घरोघर जाऊन विचारपूस करतात. आळशी धर्मगुरूच्या काळात गाव स्वतःचा धर्म स्वतः चालवीत होते. उद्योगी धर्मगुरू आल्यावर त्याने तो चालवावयास घेतला. ही उपरोधिक स्थिती हार्डीने एकही कठोर शब्द न वापरता मांडली आहे.

शरद ऋतूत फॅन्सी प्रथमच ऑर्गन वाजविते. त्या दिवशी चर्चला न जाता रानात कवची फळे वेचावयास जावे, असे रूबेन सुचवितो. म्हातारे विल्यम स्तोत्रसंहितेतील वचनाचा आधार देऊन त्यास नकार देतात : संकट आले म्हणून वाट सोडावयाची नाही. मंडळी येतात आणि खाली, बायकामुलांत विखरून बसतात. आयुष्यात जवळजवळ प्रथमच चर्चमध्ये त्यांच्या हातांना काम नसते. हातांचे काय करावे हेच त्यांना समजत नाही. नवे संगीत अधिक भरगच्च, अधिक सफाईदार आहे. पण ज्या माणसांना आपण हिवाळ्यात सण करताना पाहिले, ती आता सण ऐकत आहेत. त्या रात्रीच्या फेरीतील श्रोत्यांच्या रांगेत तीही जाऊन बसली आहेत.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. हे मेळ खरोखर चांगले होते काय? पुष्कळ ठिकाणी ते बेसूर, भांडखोर व मद्यप्रिय होते, यात शंका नाही. आणि ही गोष्ट हार्डीइतकी मोकळेपणाने कोणी सांगितलेली नाही. १८९१ मधील एका कथेत लाँगपडल गावचा मेळ नाताळनंतरच्या रविवारी कडाक्याच्या थंडीत बास व्हायोलच्या पिशवीत लपवून आणलेली गरम ब्रँडी व बीर पितो, प्रवचनात झोपी जातो आणि दचकून जागा होताच स्तोत्राऐवजी नाचाची एक उडती गत वाजवू लागतो. सरदार संतापतात आणि बावीस सुरावटी बिनचूक वाजविणारा यांत्रिक ऑर्गन आणवितात. वहीची दोन टोके येथे मध्यावर भिडली आहेत, असेच म्हणावयास हवे. परंतु या कथेचा निष्कर्ष यंत्राच्या बाजूचा नाही. यंत्र चुकत नाही, कारण त्याला थंडी वाजत नाही. ज्या सज्ज्यावर माणसे कुडकुडत होती तेथे शेगडी ठेवावी, असे मात्र कोणास सुचले नव्हते.

१८९६ च्या प्रस्तावनेत हार्डीने आपले मत स्पष्टपणे नोंदविले. एका वादकाच्या नेमणुकीने शिस्त व कौशल्य वाढले हे तो मान्य करतो; पण सहा ते दहा प्रौढ वादक व त्यांशिवाय अनेक गायक ज्या कामात गुंतलेले असत, ते एका व्यक्तीच्या हाती गेल्यामुळे गावकऱ्यांचे चर्चविषयीचे स्वारस्यच आटले आणि पाद्र्यांचा हेतू त्यांच्याच हातून फसला, असा त्याचा अभिप्राय आहे. १९१२ मध्ये त्याने आणखी एक टीप जोडली : ज्या वास्तवातून ही कथा विणली, त्यातून निराळ्या प्रकारचे, अधिक गंभीर लेखन होऊ शकले असते. पश्चात्तापाची ही नोंद महत्त्वाची आहे. पण त्यापूर्वीच त्याने ते गंभीर लेखन करावयास प्रारंभ केला होता, असे आम्हांस वाटते.

म्हातारे विल्यम ड्यूई ‘टेस’मध्ये पुन्हा भेटतात. गवळीवाड्याचा मालक त्यांची गोष्ट सांगतो. रात्री लग्नाहून परतताना एक बैल विल्यमच्या मागे लागतो. विल्यम फिडल वाजवू लागतात. बैल शांत होतो, पण वादन थांबताच पुन्हा धावू पाहतो. मग त्यांना आठवते की नाताळच्या रात्री गुरे गुडघे टेकतात. ते ख्रिस्तजन्माचे स्तोत्र वाजवितात. बैल गुडघे टेकतो आणि विल्यम कुंपणावरून उडी मारून पळतात. ती रात्र नाताळची नसते, म्हणून फसविला गेलेला बैल मोठा केविलवाणा दिसतो. गोष्ट विनोदी आहे. पण ऐकणाऱ्या एंजल क्लेअरला तिच्यात श्रद्धा जिवंत असलेल्या काळाचा भास होतो. क्लेअर शिकलेला व श्रद्धा गमावलेला आहे. गवळ्याच्या दृष्टीने मात्र ती विल्यमची घडलेली हकीकत आहे.

हीच समजूत हार्डीच्या ‘द ऑक्सन’ या कवितेचा विषय आहे. ती २४ डिसेंबर १९१५ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाली. महायुद्धाचा तो दुसरा नाताळ होता आणि कवी पंचाहत्तर वर्षांचा होता. लहानपणी शेकोटीभोवती बसलेले असताना वडीलधारे कोणी म्हणे, आता गोठ्यात गुरांनी गुडघे टेकले असतील. आणि त्या वेळी कोणास शंका येत नसे. आता असे कोण मानील? तरीही आज कोणी ‘चल, पाहून येऊ’ म्हणाले, तर आपण अंधारातून त्याच्याबरोबर जाऊ आणि तसे असावे अशी आशा करू, असा या कवितेचा भावार्थ आहे. सामान्यतः ही कविता श्रद्धा आणि शंका यांच्या द्वंद्वाची म्हणून वाचली जाते. तो अर्थ चुकीचा नाही. पण मेलस्टॉकहून आलेल्या वाचकास तीत दुसरे काही दिसते. कवीजवळ श्रद्धेची उणीव आहे खरी. पण त्याहून मोठी उणीव बोलावणाऱ्याची आहे. एकट्याने गोठ्यात जाण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. कोणी तरी हाक मारावी लागते. ती हाक १८७२ च्या कादंबरीत प्रत्येक पानावर ऐकू येते. काळोखात एकमेकांना ओळखून हाका मारणाऱ्या माणसांनीच तर तिचा आरंभ होतो. १९१५ मध्ये ती हाक ‘जर’ या अव्ययात उरली आहे.

आता आरंभीच्या मुद्द्याकडे वळू. हार्डीने मेळ स्वतः ऐकला नव्हता. ख्रिस्ती सिद्धांतावरील त्याचा विश्वास तरुणपणीच गेला होता. तरी बुद्धीने नसला तरी संस्कारांनी व भावनेने आपण चर्चचेच आहोत, असे तो सांगत असे. ज्यास सिद्धांत मान्य नाही आणि ज्याने तो मेळही ऐकला नाही, त्यास नाताळचा अर्थ कोठून मिळाला? आमचे उत्तर असे की, तो त्यास करणाऱ्यांच्या हातांतून मिळाला : वह्यांतून, फिडलातून, वडिलांच्या बोलण्यातून. धर्मग्रामाचा सण हा प्रथम सामायिक काम असतो. त्या कामाच्या आश्रयाने श्रद्धा राहते, आणि श्रद्धा गेली तरी काही काळ आशा राहते. काम काढून घेतले, की श्रद्धावंत आणि श्रद्धाहीन दोघेही सारखेच प्रेक्षक होतात. या निष्कर्षाशी श्रद्धावान वाचक सहमत होणार नाही. सणाचा अर्थ सणापलीकडील सत्यात आहे, असे तो म्हणेल, व त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्यालाही हार्डीचा प्रश्न टाळता येणार नाही. ज्यांच्यासाठी ते सत्य आले, त्यांच्या हातांना चर्चमध्ये काही काम उरले आहे काय?

आपला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ‘नाताल’ म्हणजे जन्म. विल्यम ड्यूईंच्या स्तोत्राचे इंग्रजी नाव ‘नेटिव्हिटी’. गवळ्याच्या तोंडी त्याचे ‘टिव्हिटी’ असे झाले आहे. दोन्ही शब्दांचे लॅटिन मूळ एकच. शब्द तोंडोतोंडी झिजतात, अर्धे होतात, परक्या भाषांत जाऊन राहतात. तरी ज्यांनी ते कामापुरते आपलेसे केले त्यांच्यापाशी त्यांचा अर्थ शाबूत असतो. त्या गवळ्याने तो शब्द अर्धाच उच्चारला. पण तो स्वर लागताच कोणी गुडघे टेकावयाचे, हे त्याला ठाऊक होते.